अकोल्याच्या परीक्षेतली गाठ

शाळेच्या स्मरणिकेत माझ्यावर जी दोन पाने छापली आहेत, ती मी चष्मा पुसून तीनदा वाचली. लिहिणाऱ्याची भाषा चांगली आहे आणि हेतूही वाईट नसावा; परंतु त्यातली मुख्य गोष्ट खोटी आहे आणि मी जिवंत असेपर्यंत ती तशी राहू देणार नाही. त्यात म्हटले आहे की अकोल्यास झालेल्या प्रथमोपचाराच्या परीक्षेत माझ्या जोडीदाराने, म्हणजे वकिलांच्या मुलाने, ऐन वेळी हात दुखल्याचा कांगावा केला. त्यामुळे फुलमाळ्याचा हुशार पोरगा, म्हणजे मी, मागे पडलो आणि नागपूरच्या डॉक्टरकीच्या शाळेसाठीची शिफारस वकिलांच्या घरी गेली. आमच्या समाजाच्या मेळाव्यात हीच कथा मला शेजारच्या खुर्चीवर बसवून, माझ्याच तोंडावर सांगतात. उलट वकिलांच्या नातवंडांजवळ दुसरी कथा आहे. त्यांच्या आजोबांनी मित्रासाठी तोंडातून शब्द न काढता वेदना सोसल्या, आणि मित्र मात्र जन्मभर तोऱ्यातच राहिला. या दोन्ही कथांमध्ये मी एक बिचारा आहे. एकीत मला लुबाडले आहे, दुसरीत माझ्यावर उपकार केले आहेत. मी बिचारा कधीच नव्हतो. जोडीदार आता हयात नाही, म्हणून साक्ष देण्याचे काम माझ्या एकट्याकडे आले आहे.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते आणि आमच्या आयुष्यातले सारे निकाल नागपुराहून येत. आमच्या अमरावतीच्या हायस्कुलात शरीरशास्त्र आणि आरोग्य हा ऐच्छिक विषय नुकताच सुरू झाला होता. त्याला जोडून शनिवारी दुपारी प्रथमोपचाराचा वर्ग भरे. हा विषय घेऊन जो मुलगा मॅट्रिक होईल आणि अकोल्यास प्रथमोपचाराची परीक्षा उत्तम रीतीने देईल, अशा एकालाच शाळा दरसाल शिफारसपत्र देई. ते पत्र हाती असले की नागपूरच्या डॉक्टरकीच्या शाळेचे दार उघडे. ज्याच्या घरी ओळखीपाळखी होत्या त्याला त्या पत्राची एवढी मातब्बरी नव्हती. मला होती. माझ्या सात पिढ्यांत मळ्याबाहेरचे काम कोणी केले नव्हते आणि मळ्याबाहेर जाण्याची मला दिसणारी वाट तेवढीच होती.

वर्ग ड्रॉइंगच्या लांबट खोलीत भरे. आजही डोळे मिटले की ती खोली मला पाण्याखाली असल्यासारखी दिसते. पश्चिमेच्या खिडक्यांना हिरवे पडदे होते आणि त्यांतून गाळून येणारे ऊन बाकांवर हलत असे. भिंतीवर माणसाचा मोठा नकाशा टांगलेला होता. एका रंगाच्या शिरा, दुसऱ्या रंगाच्या धमन्या, आणि चेहऱ्याच्या जागी अर्धी कवटी. वारा आला की तो कागद फुगे आणि पुन्हा भिंतीला टेके. दुपारच्या सुस्तीत तो माणूस हळूहळू श्वास घेतो आहे असे वाटत असे. भूगोलाच्या तासाला पूर्णा आणि वर्धा जशा उपनद्या गोळा करीत उतरतात, तशाच या शिरा मनगटातून दंडाकडे जात होत्या. मी त्या नद्यांच्या काठाने कितीतरी वेळ हिंडत असे. स्पिरिटचा आणि बोरिक कापसाचा वास खोलीत भरलेला असे, आणि माझ्या स्वतःच्या बोटांना सकाळच्या मोगऱ्याचा. हे दोन वास एकमेकांत मिसळून जो तिसरा वास होत असे, त्याला मी त्या वयात माझे भविष्य समजत होतो.

आमचे शिक्षक सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. आम्ही त्यांना डॉक्टरमास्तर म्हणत असू. मूळचे बाळापूरचे, बोलण्यात वऱ्हाडी आणि उर्दू अशी एकजीव झालेली की वेगळी काढता येऊ नये. पुण्याहून आलेल्या आमच्या संस्कृतच्या शिक्षकांना ती भाषा आडदांड वाटे. मला मात्र शरीराविषयी बोलायला त्याहून नेमकी भाषा पुढे कुठे भेटली नाही. ते दोन दोन मुलांच्या जोड्या लावीत. एकाने जखमी व्हायचे आणि दुसऱ्याने उपचार करायचे, मग उलट. माझ्या वाट्याला वकिलांचा मुलगा आला. हाताने आळशी, तोंडाने तल्लख. जखमी होऊन पडायला त्याला मनापासून आवडे, कारण तेवढा वेळ काही करावे लागत नसे.

पट्टी बांधण्यात माझा हात साऱ्या वर्गात वरचढ होता. हे मी नम्रतेने सांगणार नाही, कारण ते खरे होते. इतर मुलांच्या पट्ट्या घंटा होईपर्यंत ढोपरावरून घोट्यावर उतरत. मी बांधलेली पट्टी घेऊन एक मुलगा हॉकीचा सबंध सामना खेळला आणि तिचा एकही फेर सरकला नाही. त्याचे कारण आमच्या मळ्यात होते. पहाटे धुके विहिरीच्या काठापर्यंत आलेले असताना माय आणि मी देवीच्या देवळाबाहेर विकायचे हार बांधायला बसत असू. केळीचे वाळलेले सोपट पाण्यात भिजवून त्याचे बारीक धागे काढायचे, फुलांचे देठ आमनेसामने धरायचे, धाग्याचा दुहेरी वेढा घालून अंगठ्याने आत दाबायचा आणि ओढायचा. धागा ओला असतो. जसजसा वाळतो तसतशी गाठ आवळत जाते. ती कधी सोडवावी लागत नाही. हार देवाच्या गळ्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात, गाठीसकट. हाराची गाठ सोडवणारा माणूस आमच्या घराण्यात कोणी पाहिलेला नव्हता.

शरीराच्या पट्टीला लागणारी गाठ वेगळी असते. ती चपटी बसते, धरून ठेवते, आणि वेळ आली की एका हिसक्यात सुटते. डॉक्टरमास्तरांनी मला ती पहिल्याच महिन्यात शिकवली होती आणि मला ती येतही होती. पण माझे लक्ष जरा उडाले की बोटे आपली जुनी वाट धरीत. एका शनिवारी त्यांनी माझी पट्टी सोडवायला घेतली. ती सुटेना. वर्ग हसला. मला मात्र त्या न सुटण्याचा अभिमान वाटला, आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. त्यांनी कात्री मागवली, पट्टी कापली, कापलेली गाठ माझ्या तळहातावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, “बाबू, गाठ तुही लाखात एक आहे. पन देवाचा गळा सुजत नाही. मानसाचा हात सुजते.”

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले. लिहून घेतले की आपल्याला समजले, असा त्या वयातला माझा समज होता.

परीक्षेला आम्ही आठ मुले अकोल्यास गेलो. अमरावतीहून बडनेऱ्याला, तिथे गाडी बदलून मुर्तिजापूरवरून पुढे. थंडीचे दिवस होते. कापूस वेचून झालेली शेते खिडकीबाहेरून सरकत होती आणि कपाशीच्या वाळक्या पळाट्यांवर राहिलेली बोंडे सकाळच्या तिरप्या उन्हात कोणी दिवे विझवायचे विसरल्यासारखी पांढरी दिसत होती. वकिलांचा मुलगा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. शिफारसपत्राविषयी आम्ही दोघे कधी बोलत नसू. त्याच्या वडिलांनी त्याला डॉक्टर करायचे ठरवले होते; त्याने स्वतः काही ठरवल्याचे मला आठवत नाही. बाकीच्या सहा जणांना नुसते प्रमाणपत्र हवे होते. म्हणजे पत्र आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते मला मिळणार हे मला ठाऊक होते.

परीक्षा तिथल्या एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. परीक्षक उंच, सावळे, अत्यंत स्वच्छ हातांचे गृहस्थ होते. सरकारी नोकरीतले मोठे डॉक्टर. ते इंग्रजीत बोलत आणि आम्हाला उत्तर मराठीत देण्याची मुभा होती. तोंडी प्रश्न सकाळी झाले. ते माझे उत्तम गेले. साप चावल्यावर काय करावे, बुडालेल्या माणसाच्या छातीतले पाणी कसे काढावे, सारे मी न अडखळता सांगितले. मग जोड्यांची पाळी आली. आमच्या वाट्याला मुरगळलेले मनगट आले. मुरगळीला त्या काळची रीत अशी की पट्टी करकचून गुंडाळायची आणि वरून थंड पाणी सोडायचे. सूत भिजले की आवळते आणि सांध्याला आधार मिळतो. पाण्याचे घमेले माझ्यापुढे ठेवलेले होते.

इथून पुढचे मी ज्या रीतीने सांगणार आहे त्याला काही लोक सबब म्हणतील. म्हणोत. मी पहिला फेर घातला, दुसरा घातला, आणि पट्टीवर ओंजळभर पाणी सोडले. पाणी बर्फासारखे थंड होते. ओल्या सुताचा वास आला, दालनाची उंच खिडकी धुक्याने भरल्यासारखी पांढरी झाली, आणि मी अकोल्यास उरलो नाही. मी मळ्यात होतो. विहिरीच्या काठावर माय पाठमोरी बसली होती. बोटांत ओला धागा होता, आणि बोटे जे काम वर्षानुवर्षे करीत आली होती ते त्यांनी केले. दुहेरी वेढा, अंगठ्याने आत, आणि ओढ. किती क्षण गेले ते मला सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा पट्टी बांधून झाली होती आणि ती इतकी देखणी होती की शेजारच्या जोडीतल्या मुलाने मान लांब करून पाहिली.

गाठ कोणती पडली आहे हे मला तत्क्षणी कळले. ज्याला हे कळत नाही तो फुलमाळी नव्हे. पुन्हा बांधायची तर आधी गाठ सोडवायला हवी होती, आणि ती सोडवताच आली नसती. परीक्षक टोकाच्या बाकापासून एकेक जोडी पाहत येत होते आणि आमच्यापर्यंत पोचायला त्यांना पुष्कळ वेळ लागणार होता. मी गप्प राहिलो. आता हे लिहिताना मी त्या गप्प राहण्याला कोणतेही सुरेख नाव देणार नाही. पट्टी दिसायला सुंदर आहे, गाठ आतल्या बाजूला दडली आहे, आणि दहा-पंधरा मिनिटांत असे काय होणार आहे, असा मी हिशेब केला.

वकिलांच्या मुलाने पहिल्यांदा हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने दुसरा तळवा त्यावर झाकला. मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. तो खिडकीकडे पाहत होता आणि त्याच्या वरच्या ओठावर, थंडीच्या दिवसांत, घाम आला होता. मग त्याने बसण्याची बाजू बदलली तेव्हा झाकलेला तळवा क्षणभर सरकला आणि मला त्याची नखे दिसली. जांभळाच्या रंगाची.

एवढ्यात परीक्षक आलेच. त्यांनी वाकून पट्टीचे फेर न्याहाळले, बोटाने एका फेराची कड दाबून पाहिली आणि ‘एक्सलंट’ म्हणाले. त्यांनी कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले. वकिलांच्या मुलाचा तळवा आपल्या बोटांवर तसाच झाकलेला होता. परीक्षक पुढच्या बाकाकडे वळले. पत्र माझे झाले होते. नागपूर माझे झाले होते. माझ्या आणि त्या साऱ्याच्या मध्ये त्याचा तो झाकलेला हात तेवढा होता, आणि तो हात त्याने हलवला नसता, हे मी आज शपथेवर सांगतो. तो कण्हला नाही, ओरडला नाही. कांगावा तर दूरच.

मीच उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “साहेब, पट्टी पाहिली तशी बोटं पण पाहा.”

पुढचे पटकन झाले. परीक्षकांनी त्याचा तळवा उचलला, स्वतः गाठीला नख लावून पाहिले, ती सुटत नाही म्हणताच खिशातली कात्री काढून पट्टी उभी चिरली. हात मोकळा होताच तो पोरगा इतका लांब श्वास सोडता झाला की दालनातल्या सगळ्यांनी वळून पाहिले. स्मरणिकेतला कांगावा तो हाच असावा. दूरच्या बाकावरून तो तसा ऐकू आलाही असेल. परीक्षकांनी मला विचारले की ही गाठ कोणी शिकवली. मी म्हणालो, माझ्या आईने. आपण होऊन का सांगितले, असेही त्यांनी विचारले. मी म्हणालो की पट्टी माझी आहे. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले खोडले आणि माझ्यासमोर, मला वाचता येईल अशा रीतीने, नापास असे लिहिले. त्यात अन्याय नव्हता. मुंग्या आलेल्या हाताने वकिलांच्या मुलाने मग माझ्या दंडाला झोळी बांधली. ती सैल होती, वाकडी होती, पण एका हिसक्यात सुटली. तो उत्तीर्ण झाला, आणि पत्र त्याच्या घरी गेले.

तेव्हा समाजातल्या माझ्या हितचिंतकांनी ऐकावे: मला कोणी पाडले नाही. आयुष्यात माझ्याजवळ फार थोड्या गोष्टी अशा आहेत ज्या सर्वस्वी माझ्या आहेत. ते नापास होणे त्यांतले एक आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर लावू देण्याइतका मी उदार नाही. पुढे मी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून एकतीस वर्षे काढली, आणि नंतरची सात वर्षे त्याच शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. डॉक्टर झालो असतो तर अधिक सुखी झालो असतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला विचारल्यावाचून दोन छापील पानांत कोणी देऊ नये.

वकिलांच्या नातवंडांचे मात्र अर्धे खरे आहे. त्याने सोसले. ते मी नाकारीत नाही. पण माझ्या बाजूनेही एक कथा होऊ शकते. मित्राचा हात वाचवण्यासाठी पोराने आपले भविष्य सोडले, अशी. ती कथा मी स्वतःच कितीतरी वर्षे मनात गोंजारली आहे. तिचाही निकाल आज लावून टाकतो.

परतीच्या गाडीत दुपारचे ऊन डब्यात आडवे पसरले होते. बाकीची मुले पलीकडे हसत-खिदळत होती. तो खिडकीशी बसला होता, हात मांडीवर उताणा ठेवून. मुर्तिजापूर गेले. मैदानात कोणी कापसाचे गठ्ठे रचले होते आणि त्यांच्यावर लहान मुले बसली होती. ती ढगांवर बसल्यासारखी दिसली आणि मागे पडली. मग तो म्हणाला, “तुले कोणं सांगतलं होतं सांगाले? मी तं चूप होतो ना.”

“पट्टी खराब होती,” मी म्हणालो.

“पट्टीचं मी नाही पुसून राहिलो.”

 मला वाटत होते की मी फार मोठे काही केले आहे आणि त्याने ते ओळखून स्वतः बोलावे. बडनेऱ्यापर्यंत मी तोंड फिरवून बसलो. गाडीच्या त्या लयीत मी दोनदा नागपूरला जाऊन आलो. पांढरे कोट, लांब व्हरांडे, कोणीतरी मला हाक मारीत आहे, आणि प्रत्येक वेळी जाग आली की समोर त्याचा उताणा तळवा.

घरी पोचलो तेव्हा माय अंगणात दुसऱ्या दिवशीच्या हारांसाठी सोपट भिजत घालत होती. मी सारे एका दमात सांगितले. गाठ कशी पडली, परीक्षक काय म्हणाले, मी उभे राहून कसे सांगितले. तिने सारे ऐकून घेतले. पत्राविषयी ती काही बोलली नाही, माझ्या खरेपणाविषयीही नाही. तिने विचारले, “अन् त्या पोराचा हात कसा हाये आता?”

मला माहीत नव्हते. सबंध परतीच्या वाटेत मी त्याला विचारले नव्हते.

माय म्हणाली, “काहून रे बाप्पा, बाजूले तं बसला होता ना तू?”

हीच ती गोष्ट, जी कोणत्याच कथेत नाही, कारण ती मी कोणाला सांगितलीच नाही. मी उभा राहिलो ते माझ्या पट्टीसाठी. चुकलेली पट्टी माझ्या नावाने उत्तम म्हणून जावी हे मला सहन झाले नाही. त्या पट्टीच्या आत एक हात होता हे मला विहिरीशेजारी, मायच्या तोंडून कळले.

दुसऱ्या दिवशी फुले देवळाबाहेर पोचवून मी तसाच वकिलांच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने पाटीवर रेघोट्या मारीत होता. उजवा हात शालीत होता. वकीलसाहेब आतून कोण आहे म्हणून ओरडले आणि त्याने कोणी नाही म्हणून सांगितले. मी पायरीवर बसलो.  मग मी विचारले, हात कसा आहे, दुखतो का, बोटे हलतात का. परीक्षेत रुग्णाला विचारायचे जे प्रश्न पाठ केले होते, ते सगळे, त्याच क्रमाने.

तो हसला. शालीतून हात काढून त्याने माझ्यापुढे धरला. मनगटावर पट्टीच्या फेरांचे वळ होते. बोटे जराशी सुजलेली, पण त्यांना रंग आला होता.

“कालच पुसलं असतं,” तो म्हणाला, “तं या सवालांचे मार्क तरी भेटले असते तुले.”

त्याच्याशी मी पुढे पन्नास वर्षे भांडलो. कोर्टातल्या निकालांवरून, निवडणुकांवरून, रुग्णाला गोळी द्यावी की सुई यावरून. न विचारण्याची ही एक गोष्ट त्याने जेव्हा जेव्हा काढली तेव्हा मी गप्प बसलो.